मॅडम ऑफिसला येईपर्यंत रिपोर्ट का उघडत नाही?

रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकिंग युनिटमधून फोन आला. तक्रार नेहमीचीच. "दादा, डेटाबेस फार स्लो झालाय. स्टॉकचा रिपोर्ट दाबायचा आणि चहा पिऊन यायचं, तेव्हा कुठे उघडतो." ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल धरून मी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि रिपोर्ट चार-पाच सेकंदांत उघडत होता. स्टोअरमधले काका ओशाळले. "आत्ता बघा कसा शहाण्यासारखा वागतोय. सकाळी यायला हवं होतं तुम्ही."

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. डॉक्टरच्या दारात पोचल्यावर पोराचा ताप उतरावा तसं.

माझ्याआधी एकजण येऊन गेला होता. त्याने रॅम वाढवली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, डेटाबेसवर 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवलं. शेठचे पैसे गेले, सकाळचा त्रास जागच्या जागी. मी बॅग आवरत होतो तेवढ्यात काका म्हणाले, "एक गंमत सांगू? अकाउंट्सच्या मॅडमचा कॉम्प्युटर लावला ना, की आमचा डेटाबेस पळायला लागतो. मागच्या माणसाला सांगितलं तर तो हसला."

मी बॅग खाली ठेवली. कारण डेटाबेस मॅडमच्या कॉम्प्युटरवर नव्हताच. तो होता शेठच्या केबिनमधल्या मशीनवर, जे दिवसरात्र चालू असतं. मॅडमच्या मशीनला यूएसबी वायरने जोडलेला होता ऑफिसचा लेझर प्रिंटर, आणि तो शेअर करून बाकी चौघांना दिलेला होता. मॅडम बदलापूरहून येतात, अकराच्या आधी पोचत नाहीत. काका नऊला येतात. म्हणजे नऊ ते अकरा काकांचा कॉम्प्युटर एका बंद मशीनच्या प्रिंटरला हाका मारत बसायचा.

आता कोणीही विचारेल, आणि शेठनीही विचारलंच: रिपोर्ट फक्त स्क्रीनवर बघायचाय, छापायचा नाही, मग प्रिंटरचा संबंध येतो कुठे?

शिंपी आधी पन्हा विचारतो

शिंप्याकडे शर्ट शिवायला टाकलात तर तो आधी कापडाचा पन्हा बघतो. छत्तीसचा की अठ्ठावन्नचा, त्यावर कापणी कशी बसेल ते ठरतं. पन्हा कळल्याशिवाय तो कात्री चालवत नाही.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या डेटाबेस प्रोग्रॅममधला (काकांचा डेटाबेस त्यातलाच) रिपोर्ट असाच कापावा लागतो. टेबल किंवा क्वेरी (टेबलांतून हवी तेवढीच माहिती वेचणारी मागणी) उघडली तर ती नुसती आडव्या-उभ्या रकान्यांची यादी; तिला कागदाशी देणंघेणं नाही. रिपोर्ट मात्र पानांचा बनलेला असतो. एका पानात किती ओळी बसतील, 'पुढील पानावर चालू' कुठे येईल, ग्रुपची बेरीज या पानावर मावेल की खाली ढकलावी लागेल, हे सगळं ठरवायला कागदाचा आकार लागतो. नुसता आकारही पुरत नाही. प्रत्येक प्रिंटर कागदाच्या कडेला थोडी जागा छापू शकत नाही. कोणाची ती चार मिलिमीटर, कोणाची सहा. शिवाय एका इंचात किती ठिपके, कोणत्या ट्रेमधून कागद, प्रिंटरचे स्वतःचे फॉन्ट काही आहेत का. ही माहिती ॲक्सेसकडे नसते. ती प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून, म्हणजे विंडोज आणि प्रिंटर यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्रॅमकडून, मिळते. म्हणून प्रिव्ह्यू दाबला की डेटा वाचण्याबरोबरच ॲक्सेस विंडोजला विचारतं, "बाबा रे, तुझा डिफॉल्ट प्रिंटर कोणता आणि त्याचा पन्हा किती?"

डिफॉल्ट, म्हणजे वेगळं न सांगता धरला जाणारा, प्रिंटर आपल्याच मशीनला जोडलेला असेल तर हे उत्तर डोळ्यांची पापणी लवायच्या आत येतं. तो दुसऱ्याच्या मशीनवरून शेअर करून घेतलेला असेल तर प्रश्न नेटवर्कच्या वायरीतून तिकडे जातो. ड्रायव्हरची एक प्रत आपल्याकडेही उतरवलेली असते हे खरं, पण मालकी त्या मशीनच्या स्पूलरची (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग), त्यामुळे सेटिंग आणि स्थिती विचारायला तिकडेच जावं लागतं. आणि हा प्रश्न एकदाच विचारला जात नाही. रिपोर्ट उघडताना, मांडणी करताना, पान उलटताना पुन्हा पुन्हा विचारणा होते. ते मशीन चालू असेल, वायर धड असेल, तर दर खेपेचा उशीर इतका बारीक की कळत नाही. वायफाय अडखळत असेल तर तेच थेंबे थेंबे साचून पाच-दहा सेकंद होतात.

आणि ते मशीन बंद असेल तर? इथे एक बारकावा आहे. चालू मशीनने नकार दिला तर 'नाही' हे उत्तर तरी लगेच येतं. बंद मशीन नकारही देत नाही. आधी त्या नावाचं मशीन नेटवर्कवर कुठे आहे याची शोधाशोध होते, मग जोडणीचा प्रयत्न होतो. विंडोज थोडं थांबून पुन्हा हाक मारतं, मग आणखी जास्त थांबून पुन्हा. अशा एका प्रयत्नाचा नाद सोडायला वीसेक सेकंद जाऊ शकतात. दोन-तीन प्रयत्न झाले की काकांचा मिनीट भरलाच. तेवढा वेळ ॲक्सेसच्या खिडकीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, स्क्रीन पांढुरकी होते, आणि बघणाऱ्याला वाटतं डेटाबेस मेला.

मॅडमनी लॉगिन केलेलं असणंही गरजेचं नव्हतं. स्पूलर ही विंडोज सुरू होतानाच मागे चालू होणारी सेवा आहे. मशीन नुसतं लॉगिनच्या स्क्रीनपर्यंत आलं तरी शेअर केलेला प्रिंटर उत्तर देऊ लागतो. काकांचा अनुभव तंतोतंत बरोबर होता. त्यामागचं कारण तेवढं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मोबाइलचं स्टॉपवॉच काढा

जेवणाच्या सुट्टीत मॅडमची परवानगी घेऊन त्यांचं मशीन बंद केलं, म्हणजे दुपारी दीडला 'सकाळ' तयार केली. मग काकांच्या मशीनवर तीन वेळा मोजलं.

पहिल्यांदा रिपोर्टला हात न लावता त्याच्या पोटातली क्वेरी थेट उघडली. इथे बरेच जण फसतात. ॲक्सेस पहिल्या पंचवीस-तीस ओळी हाती आल्या की लगेच दाखवतं आणि बाकीच्या मागे वाचत राहतं, त्यामुळे प्रत्येक क्वेरी जलद वाटते. खाली जे रेकॉर्डचे बाण असतात त्यातला शेवटचा बाण दाबायचा आणि शेवटचं रेकॉर्ड दिसेपर्यंत घड्याळ चालू ठेवायचं. आमची वेळ आली दोन सेकंद. म्हणजे डेटा, इंडेक्स (रेकॉर्ड पटकन शोधायची सूची), शेठच्या मशीनपर्यंतची वायर, सगळं निर्दोष. इथेच जर चाळीस सेकंद लागले असते तर प्रिंटरचा विषय मी काढलाच नसता.

दुसऱ्यांदा तोच रिपोर्ट प्रिव्ह्यूला उघडला. बावन्न सेकंद. काका म्हणाले, "हां, हाच तो सकाळचा!"

तिसऱ्यांदा विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमध्ये जाऊन डिफॉल्ट बदलून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' केला. विंडोज १० पासून हा प्रत्येक मशीनमध्ये असतोच. त्याआधीच्या मशीनवर 'एक्सपीएस डॉक्युमेंट रायटर' चालेल. दोन्ही खोटे प्रिंटर, कागदाऐवजी फाइल बनवणारे, पण पन्हा विचारला तर जागच्या जागी सांगणारे. ॲक्सेस पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं (चालू प्रोग्रॅमला हा बदल कळेलच असं नाही) आणि रिपोर्ट दाबला. चार सेकंद.

बावन्नाचे चार, आणि एक रुपयाचा सुटा भाग न बदलता. म्हणून माझं सांगणं असतं की रिपोर्ट रेंगाळतोय अशी तक्रार आली की रॅमच्या दुकानात जाण्याआधी ही दोन मिनिटांची चाचणी करा. क्वेरी जलद आणि रिपोर्ट मंद, असं निघालं तर उशीर आकड्यांत नसून कागदात आहे. त्यातही तो ठरावीक वेळी होत असेल, कोणी सुट्टीवर गेल्यावर होत असेल, लॅपटॉप घरी नेल्यावर होत असेल, तर नव्वद टक्के काम तिथेच झालं. लॅपटॉपवाल्यांचा हा हमखास अनुभव: ऑफिसात ठीक, घरी घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये तोच रिपोर्ट हटून बसतो. ऑफिसचा प्रिंटर घरच्या वायफायवर सापडणार कुठून?

डिझाइन करणाऱ्यांना तर याचा जास्त जाच. रिपोर्ट डिझाइनमध्ये उघडून एक रकाना थोडा सरकवला, सेव्ह केलं, की पुन्हा प्रिंटरची विचारणा. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका रिपोर्टचे सहा रकाने सरकवण्यात अख्खी दुपार घालवली आहे आणि दोष बिचाऱ्या पेन्टियमला दिला आहे.

डिफॉल्ट बदलून भागत नाही

पीडीएफ डिफॉल्ट करून मी निघून गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी दुसरा फोन आला असता. कारण छपाई दाबली की आता फाइलचं नाव विचारतो, कागद बाहेर येत नाही. लोकांना दर वेळी प्रिंटर निवडायला सांगणं म्हणजे रोजच्या शिव्या. शिवाय पन्हा बदलला की कापणीही बदलते. पीडीएफवाल्या प्रिंटरचा कागद कधी कधी अमेरिकन 'लेटर' मापाचा लावलेला असतो. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए४ २१० बाय २९७. म्हणजे लेटर अठरा मिलिमीटरने बुटका. रिपोर्टच्या शेवटच्या तीन-चार ओळी पुढच्या पानावर जातात आणि "सहीची जागा गेली कुठे" म्हणून शोध सुरू होतो. तेव्हा पीडीएफ डिफॉल्ट करायचाच असेल तर आधी त्याच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये ए४ करून घ्या.

एक चावट सेटिंग इथेच सांगतो. विंडोज १० मध्ये २०१५ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' असा पर्याय आहे. तो चालू असेल तर तुम्ही शेवटी ज्यावर छापलं तो आपोआप डिफॉल्ट होतो. तुम्ही सकाळी पीडीएफ लावून ठेवायचा, दुपारी कोणीतरी शेअरच्या प्रिंटरवर एक पान मारायचं, की दुखणं परत. "परवा नीट केलं होतंत, पुन्हा तसंच झालं" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. तो बंदच करा.

खरा इलाज म्हणजे प्रिंटरची कोणा एकाच्या मशीनवरची ताबेदारी संपवणं. त्या ऑफिसच्या लेझर प्रिंटरला मागे नेटवर्कचं पोर्ट होतं. इतकी वर्षं त्यावरचं स्टिकरही निघालेलं नव्हतं! प्रिंटर थेट नेटवर्कच्या स्विचला जोडला, राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, राखीव करून टाकला (नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि मग 'प्रिंटर ऑफलाइन' सुरू), आणि प्रत्येक मशीनवर 'स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट' घालून तो नव्याने बसवला. विंडोज आपणहून शोधून 'डब्ल्यूएसडी' नावाचं पोर्ट देतं, ते शक्यतो टाळतो मी, लहरी आहे. आता ड्रायव्हर आणि स्पूलर ज्याच्या त्याच्या मशीनवर. पन्ह्याचं उत्तर घरच्या घरी. नेटवर्कवर फक्त छापायचा मजकूर जातो. याच पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस' अशी एक खूण असते. चांगला चालू प्रिंटर विंडोज उगाच ऑफलाइन दाखवत असेल तर ती काढून बघा.

शेअरिंगचा वीट मला आणखी एका कारणाने आलाय. २०२१ च्या जुलैत स्पूलरमधलं 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भगदाड उघड झालं. ते बुजवायला मायक्रोसॉफ्टने जे अपडेट काढले त्यांनी शेअर केलेल्या प्रिंटरची जोडणी बरीच कडक केली. त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर शेवटी '११बी' असलेला एरर दाखवून कित्येक ऑफिसांतले प्रिंटर जोडायलाच नकार देऊ लागले. त्या सुमारास मी वागळे इस्टेटच्या एकाच इमारतीत तीन मजले हिंडलो होतो, प्रत्येक मजल्यावर तोच एरर. सुरक्षा हवीच, पण ज्याला नेटवर्क पोर्ट आहे त्या प्रिंटरला दुसऱ्याच्या मशीनच्या पाठीवर बसवायचं कारण उरलेलं नाही.

रिपोर्टला त्याचा स्वतःचा प्रिंटर नेमून देण्याचीही सोय ॲक्सेसमध्ये आहे. पेज सेटअपमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर' आणि 'यूज स्पेसिफिक प्रिंटर' असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडला की त्या प्रिंटरचं नाव आणि सेटिंग रिपोर्टच्या आत साठवलं जातं. सोयीचं आहे आणि घातकही. सॉफ्टवेअर करून देणाऱ्याने आपल्या ऑफिसातला प्रिंटर नेमून ठेवलेला असतो, आणि तो रिपोर्ट तुमच्याकडे येऊन भलत्याच प्रिंटरच्या नावाने खडे फोडत बसतो. एकच रिपोर्ट अडतोय आणि बाकीचे सुरळीत आहेत, असं दिसलं तर आधी हा पर्याय बघा.

ही खोड एकट्या ॲक्सेसची नाही. आपल्याकडे अजून कित्येक गोदामांत फॉक्सप्रो हा जुना डेटाबेस प्रोग्रॅम चालतो. व्हिज्युअल फॉक्सप्रोची अधिकृत मदत २०१५ मध्ये थांबली, तरी त्यातल्या चलनांवर माल हलतोच आहे. त्याच्या रिपोर्ट फाइलच्या पहिल्याच रेकॉर्डमध्ये डिझाइन करतानाच्या प्रिंटरची माहिती चिकटलेली असते. क्रिस्टल रिपोर्ट्स या रिपोर्ट बनवायच्या प्रोग्रॅमने यावर सरळ तोड दिली आहे: पेज सेटअपमध्ये 'नो प्रिंटर' अशी खूण, केवळ स्क्रीनसाठी मांडणी. एक्सेलमध्ये पानाची समास-मापं बदलणारा मॅक्रो रांगतो, तेही याच कारणाने. तिथे प्रत्येक मापागणिक प्रिंटरशी बोलणं होतं. एक्सेल २०१० पासून ते बोलणं तात्पुरतं थांबवून सगळी मापं एकदम पाठवायची सोय आली.

सगळं खापर प्रिंटरवर फोडू नका, हेही सांगायला हवं. डिफॉल्ट बदलूनही रिपोर्ट तसाच मंद असेल तर आणखी दोन ठिकाणी बघतो मी. रिपोर्टच्या तळाला '४० पैकी पान ३' असं छापलेलं असेल, तर ते ४० कळण्यासाठी ॲक्सेसला पहिलं पान दाखवण्याआधी अख्खा रिपोर्ट एकदा मांडून बघावा लागतो. नुसतं 'पान ३' ठेवलं तर पहिलं पान लगेच येतं. दुसरं म्हणजे कंपनीचा लोगो. कोणीतरी कौतुकाने स्कॅन केलेलं भलं मोठं चित्र प्रत्येक पानाच्या माथ्यावर बसवलेलं असतं. ते लहान करा. आणि क्वेरीच मंद निघाली तर तो वेगळा आजार, त्याला इंडेक्स आणि वायरिंग बघावं लागतं.

रबाळ्याच्या त्या ऑफिसात सगळ्यात जास्त वेळ मात्र लेझरने खाल्ला नाही. खाल्ला डॉट मॅट्रिक्सने. माल गेटबाहेर काढायचं चलन तीन प्रतींत कार्बनवर निघतं, ते लेझरवर होत नाही. खट खट करत सुया आपटणारा तो प्रिंटर पॅकिंगच्या टेबलावर, तिथल्या जुन्या मशीनला जोडलेला. नेटवर्कचं पोर्ट नाही, म्हणजे शेअरिंगशिवाय गती नाही. तिथे मी जुनीच युक्ती केली. काकांच्या मशीनवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर 'लोकल प्रिंटर' म्हणून बसवला आणि पोर्ट निवडताना नवीन 'लोकल पोर्ट' तयार करून त्याला शेअरचाच पत्ता नाव म्हणून दिला: आधी दोन उलटे तिरके दांडे, मग मशीनचं नाव, एक दांडा, मग प्रिंटरचं शेअर-नाव. विंडोजच्या लेखी प्रिंटर आता काकांच्याच मशीनचा; फक्त छापील माल त्या वाटेने पलीकडे जातो. सलग कागदाचं खास माप दोन्ही मशीनवर सारखंच नोंदवून घेतलं, आणि चलनाच्या रिपोर्टला हा प्रिंटर नेमून दिला.

पॅकिंगचं मशीन बंद असताना काकांनी चलन उघडून बघितलं. लगेच उघडलं. मग छपाई दाबली, तर ती क्यूमध्ये पडून राहिली. "म्हणजे अडकलंच की हो," काका म्हणाले. अडकलं, पण आता आकडे बघायला अडत नव्हतं, कागद काढायला अडत होतं, आणि त्यासाठी पॅकिंगला कोणीतरी असावंच लागतं. गोण्या उचलणारा माणूस आल्याशिवाय चलनाचा तसाही उपयोग नव्हता. जाताना लेझरच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवून आलो: त्याचा आयपी पत्ता, आणि खाली लाल पेनाने, 'हा प्रिंटर कोणाच्याही कॉम्प्युटरला यूएसबीने जोडू नये.'